सहांचा संघ, ज्याचा त्याचा तोबरा

पोकेमॉनच्या स्पर्धेत नवखा खेळाडू जी पहिली गोष्ट करतो ती वरवर अगदी तर्काला धरून असते, आणि तिच्यामुळेच तो हरतो. हजाराहून अधिक प्राण्यांमधून त्याला सहा निवडायचे असतात. तो प्रत्येकाच्या ताकदीचे आकडे बघतो, उतरत्या क्रमाने मांडतो आणि वरचे सहा उचलतो. समजा, सहाच्या सहा ड्रॅगन. मग समोरून एखादा गुलाबी, गुबगुबीत, परीच्या प्रकारातला प्राणी येतो. ड्रॅगनच्या ठेवणीतल्या वाराचा त्याच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही. उलट त्याचा वार ड्रॅगनला दुप्पट लागतो. गुणवत्ता यादीतले पहिले सहा एकामागोमाग एक आडवे होतात.

'सगळ्यांत चांगले सहा' आणि 'सहांचा सगळ्यांत चांगला संघ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पराभवातून शिकायला मिळतं. खेळापुरतं ते कोणीही चटकन मान्य करतं. अडचण पुढे आहे. हा फरक एकदा मान्य केला, की 'गुणवत्ता' हा जो शब्द आपण नोकरीच्या, प्रवेशाच्या, आरक्षणाच्या प्रत्येक वादात टेबलावर आपटतो, त्याचं काय करायचं?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९६ साली जपानमध्ये या मालिकेचे पहिले खेळ आले. आपल्याकडे २००३मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून कार्टून आलं आणि चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोंवरून पोरं भांडायला लागली. खेळायचं यंत्र फारसं कोणाच्या घरी नव्हतं. आता त्याची गरजही उरलेली नाही. 'पोकेमॉन शोडाऊन' नावाच्या फुकट संकेतस्थळावर साध्या मोबाइलवरही संघ बांधून जगात कोणाशीही लढता येतं. खेळाचा गाभा लहान मुलालाही कळेल असा आहे. पाणी आगीला विझवतं, आग गवताला जाळते, गवत पाणी पिऊन टाकतं. असे एकूण अठरा प्रकार आहेत आणि त्यांचं एकमेकांशी असंच नातं आहे. कोणाचा वार कोणावर दुप्पट बसतो, कोणावर निम्मा, कोणावर अजिबात नाही. या जाळ्यात कोणीही अजिंक्य नाही. प्रत्येकाला कोणीतरी भारी पडतोच.

म्हणून संघ बांधणारा शहाणा खेळाडू आधी उणिवा मोजतो. हा जोरात मारतो, पण विजेपुढे टिकत नाही. मग विजेचा वार निष्प्रभ करणारा जमिनीचा एक हवा. तो चिवट आहे, पण संथ आहे. मग सगळ्या संघाचा वेग वाढवणारा कोणी हवा. एक मारणारा, एक झेलणारा, एक समोरच्याचा डाव बिघडवणारा. सहावा निवडताना 'उरलेल्यांत सर्वांत भारी कोण?' हा प्रश्न जवळजवळ निरर्थक झालेला असतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की या पाचांकडे काय नाही?

कोल्हापूरच्या माणसाला हे कळायला पोकेमॉनची गरज नाही. इथल्या तालमी मुळात कुस्तीच्या. पण याच गावात तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघही उभे राहिले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर यांची गाठ पडली की अख्खी पेठ रिकामी होते. आखाड्यातून आलेल्या नावांखाली अकरा जणांचा खेळ खेळला जातो, यात मला नेहमीच काहीतरी विशेष वाटत आलेलं आहे. कारण या दोन खेळांत माणसाच्या उणिवेकडे बघायची रीतच वेगळी आहे. आखाड्यात तुझी उणीव तुझ्या एकट्याची. तुझा डावा पाय कच्चा असेल तर समोरचा तोच धरणार, आणि धावून यायला कोणी नाही. फुटबॉलमध्ये मात्र उणीव वाटून घेता येते. आघाडीवीराला माघारी पळायचा कंटाळा असेल, तर त्याच्यामागे न कंटाळणारा एक जण ठेवतात. अकरा आघाडीवीर घेऊन कोणतीही तालीम मैदानात उतरत नाही, आणि गोलरक्षकाला गोल किती मारलेस असं कोणी विचारत नाही.

कुस्तीतला गुणसुद्धा वाटतो तितका स्वयंभू नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा वजनगट ५७ किलोचा. वजनगट ही कल्पनाच नसती आणि त्यांना शंभर किलोच्या मल्लासमोर उभं केलं असतं, तर त्यांचं कौशल्य तेच राहिलं असतं, पदक मात्र दुसऱ्याच्या गळ्यात गेलं असतं. म्हणजे त्यांच्या अंगी गुण होताच. तो दिसण्यासाठी योग्य मोजपट्टी आणि योग्य मैदान लागलं. पोकेमॉनवाल्यांनीही अशीच व्यवस्था केली आहे. ज्यांना वरच्या गटात कोणी हात लावत नाही, त्यांचा वेगळा गट. तिथे त्यांच्याही झुंजी रंगतात.

या खेळाच्या इतिहासात २०१४ची वॉशिंग्टनची जागतिक स्पर्धा अजून आठवली जाते. दक्षिण कोरियाचा से जुन पार्क हा खेळाडू तिथे जिंकला. त्याच्या संघात पाचिरिसू नावाची विजेची खार होती. तिच्या मूळ क्षमतांची बेरीज ४०५. त्याच संघातल्या गार्चोम्पची ६००. कागदावर या खारीला तिथे काही कामच नव्हतं. पण तिला समोरच्यांचे वार स्वतःकडे ओढून घेता येतात, आणि विजेचा वार बसला तर इजा होण्याऐवजी तिची प्रकृती सुधारते. तिच्या शेजारी होता गॅराडोस: पाणी आणि उड्डाण अशा दुहेरी प्रकाराचा, ताकदवान, पण मूळ रूपात विजेचा मार चौपट खाणारा. खार वीज पिऊन टाकायची आणि गॅराडोसला मोकळं रान मिळायचं. तिचा मोठेपणा तिच्या आकड्यांत नव्हता, तो तिच्या आणि शेजाऱ्याच्या मधल्या जागेत होता. दुसऱ्या एखाद्या संघात हीच खार निव्वळ ओझं झाली असती.

इथवर आलं की एक निष्कर्ष हाताशी येतो: गुण हा एकट्या माणसात भरलेला पदार्थ नाही, तो संबंधात प्रकट होतो. छान वाटतो हा निष्कर्ष. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण अजून विचारलेलाच नाही. हे आकडे आले कुठून?

खेळात प्रत्येक प्राण्याच्या आकड्यांमागे, प्रजातीचा पाया सोडला तर, दोन हिशेब असतात. पहिला जन्माचा. सहा क्षमतांपैकी प्रत्येकीत शून्य ते ३१ असा एक आकडा जन्मतःच पडतो, निव्वळ नशिबाने किंवा आईबापांकडून. दुसरा हिशेब मेहनतीचा. सरावातून गुण मिळतात. एका क्षमतेत जास्तीत जास्त २५२, आणि सगळ्या मिळून ५१०. ही एकूण मर्यादा महत्त्वाची आहे. तिच्यामुळे कोणालाही सगळ्यात तरबेज होता येत नाही आणि म्हणूनच सोबती लागतो. आता शंभराव्या पातळीला याचा परिणाम बघा. एका क्षमतेत जन्माची देणगी जास्तीत जास्त ३१ अंकांची भर घालते; पुरता सराव ६३ अंकांची. मेहनत जन्माच्या दुप्पट. पण समोर लढताना दिसतं काय? दोन्ही मिसळून झालेला परिणाम. कोणता अंक रक्तातला आणि कोणता घामातला, हे बाहेरून कळत नाही.

इथे एक मोह आवरायला हवा. या खेळातल्या 'टाइप'ला मराठीत 'जात' म्हणणं फार सोपं आहे, आणि म्हणूनच मी तो शब्द टाळतो आहे. खेळातले प्रकार आणि जन्माचे आकडे खरे आहेत. कोणीतरी बसून ते लिहिले आहेत. माणसांच्या जातींना असे आकडे नाहीत. माणसांत जो फरक दिसतो त्यातला फार मोठा भाग दुसऱ्या हिशेबातला असतो: काय खायला मिळालं, कोणती शाळा मिळाली, घरात पुस्तक होतं का, चुकायची मुभा होती का. आपण मात्र परिणाम बघतो आणि तो सगळा पहिल्या हिशेबात टाकतो. सरावाला रक्त समजतो. गुणवत्तेच्या वादातली ही सर्वांत जुनी गफलत आहे, आणि ती दाखवून देणारी गोष्ट कोल्हापुरातच सांगितली जाते.

सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर शाहू महाराजांना म्हणाले, की जातीकडे बघून सवलती आणि नोकऱ्या देणं बरोबर नाही, योग्यता बघून द्याव्यात. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. घोड्यांच्या तोंडाला ज्याचा त्याचा तोबरा बांधलेला होता आणि सगळे आपापले हरभरे खात होते. महाराजांनी नोकरांना सांगितलं, तोबरे सोडा, सगळे हरभरे एका जाजमावर ओता आणि घोडी मोकळी करा. दांडगी घोडी पुढे घुसली. अशक्त, म्हातारी आणि शिंगरं मागे नुसती उभी राहिली. सांगणाऱ्यागणिक या गोष्टीचे तपशील बदलतात, पण जाजम आणि तोबरा हे दोन शब्द बदलत नाहीत.

ही गोष्ट बहुतेक वेळा दयेची गोष्ट म्हणून सांगितली जाते: बिचारी दुबळी घोडी, त्यांना आधार द्या. मला वाटतं ती त्याहून कठोर आहे. ती विचारते, की जाजमावर जिंकलेलं घोडं उद्या आणखी दांडगं होणार, हरलेलं आणखी रोडावणार, आणि महिन्याभराने कोणी त्या दोघांना शेजारी उभं करून म्हणणार, 'बघा, मूळचीच ही अशी.' जाजम नुसतं ताकद मोजत नाही, ते ताकद तयार करतं. आणि तयार करून झाल्यावर, आपण फक्त मोजली असं म्हणतं.

२६ जुलै १९०२चा करवीर संस्थानचा जाहीरनामा या उजेडात वाचावा. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम. महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. जाहीरनाम्यात दिलेलं कारणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सर्व प्रजेत शिक्षण वाढावं म्हणून प्रयत्न झाले, पण मागास वर्गांत ते यशस्वी झाले नाहीत, कारण उच्च शिक्षणाचं फळ पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही. म्हणजे नोकरी हे इथे शर्यतीच्या शेवटी ठेवलेलं बक्षीस नाही. ती सरावाची अट आहे. ज्या घरातल्या कोणालाच शिकून कचेरीत बसलेलं कोणी पाहिलेलं नाही, त्या घरातलं पोर दिव्याखाली का बसेल? त्याच काळात उभी राहिलेली निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं आणि पुढे १९१७मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण हे याच हिशेबाचे पुढचे आकडे.

खेळ बनवणाऱ्यांनाही अशी जाणीव झाली, पण वीस वर्षांनी. तोवर स्पर्धेतले खेळाडू जन्माचे सहाही आकडे मनासारखे पडावेत म्हणून शेकडो अंडी उबवत बसायचे आणि कमी आकड्याची पिल्लं सोडून द्यायचे. २०१६च्या खेळांत एक सोय आली. शंभराव्या पातळीपर्यंत पोचलेल्या प्राण्याला खास सराव देऊन जन्मतः कमी पडलेला आकडा लढाईपुरता ३१ धरला जाऊ लागला. शोडाऊनवर तर सुरुवातीलाच सगळ्यांचे आकडे ३१ धरलेले असतात. आणि गंमत अशी, की यामुळे खेळातलं कौशल्य कमी झालं अशी ओरड टिकली नाही. जन्माचा जुगार बाजूला झाला तेव्हाच खरी लढत डोक्याची झाली.

इथे अभ्यंकरांच्या बाजूने एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो हलका नाही. सामना आज आहे. आज ज्याचा सराव झालेला नाही त्याला, 'तुला तोबरा मिळाला नव्हता' म्हणून मैदानात उतरवलं तर संघ हरेल, आणि हरण्याची किंमत दुसरेच कोणी मोजतील. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला सर्जनचं बालपण कसं गेलं हे कळून काय उपयोग? हे खरं आहे. म्हणून तोबऱ्याची जागा सामन्याच्या आधी असते. सामन्यातले नियम सगळ्यांना सारखेच हवेत. पण हा आक्षेप घेणाऱ्याने दुसरी बाजूही उचलली पाहिजे. तोबरे बांधायला त्याने आधी हात लावलेला असला पाहिजे. जाजमाचं समर्थन करायचं आणि मग सामन्याच्या दिवशी तयारीची चौकशी करायची, हे दोन्ही एकाच तोंडाने चालणार नाही. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ते पैसे आले नसते तर खाशाबांची गुणवत्ता जशीच्या तशी इथेच राहिली असती, आणि पदकांच्या यादीत तिची कुठेच नोंद नसती.

आता सर्वांत अवघड वळण. वैविध्याच्या बाजूने हल्ली जो युक्तिवाद केला जातो तो पाचिरिसूचा आहे: निरनिराळ्या पार्श्वभूमीची माणसं घ्या, संघ मजबूत होतो, कंपनीचा नफा वाढतो. ऐकायला गोड, आणि बऱ्याचदा खराही. पण त्यावर विसंबू नये. कारण याच खेळात एकसुरी संघही जिंकतात. पाऊस पाडणारा एक आणि पावसात फोफावणारे बाकीचे, असे संघ कित्येकदा संतुलित संघांना धुऊन काढतात. उद्या एखाद्या कचेरीचा कारभार एकाच आळीतल्या माणसांनी जास्त चोख चालतो असं सिद्ध झालं, तर बाकीच्यांचा हक्क संपला का? उपयोगाच्या बळावर दिलेली जागा उपयोग संपताच काढूनही घेता येते.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे आणि या खेळात माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. त्याचा लहानपणीचा लाडका बल्बासॉर संघात का नाही, असं मी एकदा विचारलं. "आवडतंय म्हणून घेतलं तर मार खातोय की मामा," तो म्हणाला. मग त्याचं काय केलंस? "बॉक्समध्ये असतंय. त्याला काय करायचंय?"

खेळापुरतं त्याचं उत्तर बरोबर आहे. सहा जण मैदानात, बाकीचे शेकडो त्या साठवणीच्या डब्यात. तिथे ना भूक ना अपमान. संघ बांधणं म्हणजे वगळणं. फुटबॉलची कोणतीही तालीम पेठेतल्या प्रत्येक पोराला खेळवू शकत नाही, हल्ली तर संघांतून परदेशी खेळाडूही उतरतात, आणि त्यात काही अन्याय आहे असं मला वाटत नाही. पण तालीम म्हणजे फक्त संघ नाही. ज्यांना संघात जागा मिळाली नाही ती पोरंही तालमीचीच असतात. ती कट्ट्यावर बसतात, सामन्याला ओरडतात, गणपतीत राबतात, आणि त्यांच्या घरी अडचण आली तर तालीम धावून जाते. संघ हा तालमीचा एक भाग आहे. तालमीने स्वतःलाच संघ समजायला सुरुवात केली, की उरलेल्यांचं काय करायचं याचं तिच्याकडे बॉक्स एवढं एकच उत्तर उरतं.

गंगाराम कांबळे यांची हकिकत इथे आठवते. अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढून दिलं. दुकान चांगलं होतं, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, आणि सोबतच्या मातब्बर मंडळींनाही घ्यायला लावू लागले. त्या चहामुळे संस्थानचा महसूल वाढला नाही की कारभाराला धार आली नाही. गंगारामांकडे राज्याच्या संघातली एखादी उणीव भरून काढणारं दुर्मीळ कौशल्य होतं असंही नाही. त्यांना चहा करता येत होता, तो पुष्कळांना येतो. तो कप संतुलनासाठी नव्हता. हा माणूस इथला आहे आणि त्याच्या हातचं घेता येतं, एवढंच त्यातून सांगायचं होतं.

म्हणून संघबांधणीकडून दोन गोष्टी जरूर शिकाव्यात. निवड करताना, सर्वांत भारी कोण हे विचारण्याआधी, आपल्यात काय कमी आहे ते विचारावं. आणि आकडे बघताना त्यातले जन्माचे किती आणि तोबऱ्याचे किती याची शंका घ्यावी. तिसरी गोष्ट मात्र हा खेळ शिकवू शकत नाही, कारण तिची त्याला गरजच पडत नाही. खेळात संघ फसला तर मोडून नवा बांधता येतो, हवे ते सहा पुन्हा निवडता येतात. गावाला माणसं निवडता येत नाहीत. आहेत ती सगळी रोज मैदानातच असतात, आणि कोणाला ठेवून द्यायला गावाकडे बॉक्स नसतो.